एका शिवीची सुधारित आवृत्ती

माझ्या मुलीच्या सिनेमातली शिवी मी कापली. तिला न विचारता, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, जेवणाच्या सुटीत, एका हातानं डब्यातली भेंडी खात. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी स्वतःची बाजू मांडायला लागलो तर वाचणाऱ्यानं सावध राहावं. बाजू मांडायची मला फार सवय आहे.

सिनेमा होता बारा मिनिटांचा. मुलगी इथे युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला आहे. अबुधाबीतल्या आमच्या मंडळानं तरुण मुलांच्या छोट्या सिनेमांची एक संध्याकाळ ठेवली होती, त्यासाठी तिनं तो केला होता. विनोदी, आणि मराठीत. इथे वाढलेल्या मुलांनी मराठीत काहीतरी करावं म्हणून मंडळ वर्षभर जिवाचा आटापिटा करतं, आणि कोणी खरंच केलं की घाबरतं.

यातला नायक म्हणजे आमचे चाचा. आम्ही राहतो मोहम्मद बिन झायद सिटीत, आणि तिथून जवळच मुसफ्फाच्या कडेला चाचांची लाँड्री आहे. ते मूळचे रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. बायको, मुलगा, सून गावाला. हे इथे इस्त्रीच्या वाफेत. माझे शर्ट वीस वर्षं तेच करतात. मुलगी लहानपणी त्यांना चाचा म्हणायला लागली, मग तिची आई आणि मग मीही, वास्तविक ते माझ्याहून दहाच वर्षांनी मोठे आहेत.

कार्यक्रमाच्या आठवड्यात मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. माणूस सज्जन, पण फोनवर सतत आवाज दबलेला, जणू शेजारी कुणी झोपलंय.

“अहो, तुमच्या कन्येच्या फिल्ममध्ये एक शब्द आहे.”

“कुठला?”

“तो मी बोलू शकत नाही. दहा मिनिटं चाळीस सेकंद. तुम्हीच ऐका.”

“एकच आहे ना?”

“एकच पुरतो हो! हॉल शाळेचा, समोर बायकापोरं, आणि परमिशनच्या कागदावर सही माझी. उद्या कुणी कंप्लेंट केली तर तुमची फिल्म जाईल, माझा व्हिसा जाईल. शब्द काढा, नाहीतर फिल्म काढावी लागेल. तुम्ही बाप आहात, तुम्ही मनावर घ्या. इन्शाल्ला होऊन जाईल.”

भारतात राहणाऱ्यांना ही भीती हास्यास्पद वाटेल. इथे शिवी ही नुसती असभ्यता नाही, कायद्याचा मामला आहे. मेसेजमध्ये लिहिली तरी. गाडीच्या काचेतून नुसतं बोट दाखवलं म्हणून कुणाकुणाला कायमचं घरी जावं लागल्याच्या गोष्टी आम्ही नव्या माणसाला विमानतळावरून आणतानाच ऐकवतो. त्यातून माझे वडील शाळामास्तर. घरात ‘साला’ म्हटलं तर रात्रीचं जेवण बंद. असा मी, तोंडाला दुहेरी कुलूप घातलेला माणूस.

मुलीला सरळ सांगायचं धैर्य झालं नाही. मी तिला ओळखतो. तिनं शब्द काढला नसता, सिनेमाच काढून घेतला असता. म्हणून जेवताना लांबून सुरुवात केली.

“विनोदी सिनेमात शिवी कशाला लागते गं?”

“डिपेंड्स,” ती म्हणाली.

“पूर्वी लोक शिव्यांशिवाय पोट धरून हसायचे.”

“तुम्ही नव्हता हसत,” बायको म्हणाली. “मी लग्नाचे फोटो बघते ना.”

“बाबा, डिड समवन से समथिंग?”

“छे, छे. सहज विचारलं.” हे पहिलं खोटं.

ती थोडी पुढे झुकली आणि मला समजावं म्हणून माझ्या धंद्यातला शब्द काढून म्हणाली, “माझ्या फिल्ममध्ये एकच आहे. पण ती डेकोरेशन नाहीये. इट्स लोड-बेअरिंग. काढलीस तर वरचं सगळं खाली येतं. तू आधी बघ ना.”

“हॉलमध्येच बघणार. सगळ्यांबरोबर,” मी म्हणालो. “सरप्राइज राहू दे.”

मी एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. इमारतीचे नकाशे कुणाकडून आले, कुणाकडे गेले, कुठली प्रत चालू आणि कुठली रद्द, हे सांभाळणं माझं काम. नकाशात बदल झाला की फाइलच्या नावापुढे रेव्ह वन, रेव्ह टू, म्हणजे कितवी सुधारित आवृत्ती, असा आकडा चढतो. आणि पहिला नियम असा, की ज्यानं नकाशा काढला त्याच्या सहीशिवाय त्यातली रेघसुद्धा हलवायची नाही. एका ड्राफ्ट्समननं परस्पर एक दरवाजा सहा इंच सरकवला, तेव्हा त्याला वॉर्निंग लेटर मिळावं म्हणून मी तीन मजले चढून गेलो होतो. आणि स्वतःच्या मुलीनं ‘लोड-बेअरिंग’ म्हटलं तेव्हा मला वाटलं, हल्लीची पोरं मोठे शब्द वापरतात.

सेक्रेटरींनी सिनेमा तपासला होता तो लिंकवरून. हॉलमध्ये लावायची प्रत त्यांना पेन ड्राइव्हवर द्यायची होती, आणि हॉल माझ्या ऑफिसच्या वाटेवर पडतो, म्हणून तिनं तो माझ्याच हातात दिला. मी तो कॉम्प्युटरला लावला आणि थेट दहा मिनिटं तीस सेकंदांवर गेलो. पडद्यावर चाचांची पाठ. तोंड भिंतीकडे. मागे कसलीतरी घरघर. आणि मग तो शब्द, हळू आवाजात, पण स्वच्छ. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. कारण शब्द माझ्या चांगल्याच ओळखीचा होता. तो कुठला ते लिहायला आत्ता हात धजावत नाही, पुढे लिहीन.

आवाज नुसता बंद केला तर सिनेमा बिघडल्यासारखा वाटेल, म्हणून टीव्हीवर करतात तसा त्यावर एक ‘टूं’ टाकावा असं ठरवलं. तो कुठून आणायचा ते कळेना. आमच्या मल्याळी सेफ्टी ऑफिसरकडे मजुरांच्या ट्रेनिंगसाठी ठेवलेले आवाज होते, त्यातला एक त्यानं मोठ्या आनंदानं दिला. मागे येणाऱ्या ट्रकचा. पीं, पीं, पीं. शब्द होता अर्ध्या सेकंदाचा, पीं तीन सेकंदांची. मला छोटी करता आली नाही. सेव्ह केलं. हाताला लागलेली सवय म्हणून फाइलच्या नावापुढे ‘रेव्ह-१’ लिहिलं. मूळ फाइल ‘रद्द’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवली. भेंडी संपवली. एक अवघड काम कुणालाही न दुखवता पार पडलं, असं समाधान वाटल्याचंही मला आठवतं.

शनिवारी संध्याकाळी हॉल भरला. चाचा कोट घालून आले होते. स्वतःच केलेली इस्त्री अशी कडक की ते खुर्चीत पाठ टेकेनात. शारजा आणि दुबईतून त्यांच्या गावची आठ माणसं एक व्हॅन करून आली होती. त्यातला एकजण फोन उंच धरून उभा, कारण गावाहून चाची आणि सून, भोवती शेजारपाजार जमवून, व्हिडिओ कॉलवर बघत होत्या.

सेक्रेटरींनी लॅपटॉप उघडला तसं फोल्डर मोठ्या पडद्यावर आलं. बाकी मुलांच्या सिनेमांची नावं साधी होती. मधेच एक, ‘फायनल-फायनल-रेव्ह-१’. माझी मुलगी पुढच्या रांगेत होती. तिनं पडद्याकडे बघितलं आणि मग हळूहळू मान वळवून मागे माझ्याकडे. फाइलला असं नाव देणारा त्या हॉलमध्ये एकच माणूस होता. मी चष्मा पुसायला घेतला.

सिनेमा सुरू झाला. एक मध्यमवयीन मराठी माणूस क्रेडिट कार्ड बंद करायला बँकेच्या हेल्पलाइनला फोन करतो, एवढीच गोष्ट. हेल्पलाइनवरची मुलगी गोड इंग्रजीत त्याला इकडून तिकडे फिरवते. तो प्रत्येक वेळी “नो प्रॉब्लेम मॅडम, थँक्यू मॅडम” म्हणतो. कार्ड बंद करण्याऐवजी त्याला दुसरं कार्ड मंजूर होतं, त्याबद्दलही तो आभार मानतो. चाचांनी हे असं केलं होतं की पाचव्या मिनिटाला हॉल लोटपोट. मीसुद्धा हसत होतो. फोनवर बोलताना उभं राहणं, समोर कुणी नसताना मान डोलावणं. वाटलं, अशी माणसं असतात खरी.

मग तो माणूस फोन खिशात टाकतो. कट झाला का, काढून दोनदा बघतो. बाल्कनीचं दार लावतो. पडदा ओढतो. स्वयंपाकघरात जातो, दार बंद करतो आणि एक्झॉस्ट फॅन सुरू करतो.

माझं हसू तिथे थांबलं.

एक्झॉस्ट फॅन मी लावतो. बावीस वर्षं. ऑफिसातून, बँकेतून, कुठल्याशा काउंटरवरून ‘थँक्यू, थँक्यू’ करत घरी आलो आणि आत फारच उकळायला लागलं, की स्वयंपाकघराचं दार लावून, पंखा सुरू करून, भिंतीकडे तोंड करून मी एकदा तो शब्द म्हणतो. मग पाणी पिऊन बाहेर येतो. हे कुणालाही माहीत नाही अशी माझी पक्की समजूत होती.

पडद्यावर चाचांनी भिंतीकडे तोंड केलं. हॉल श्वास रोखून बसला. चाचांचे खांदे वर आले, आणि—

पीं. पीं. पीं.

“मम्मी, अ ट्रक इज रिव्हर्सिंग!” मागून एक पोरगं ओरडलं.

त्यानंतर काय होतं ते ऐका. फोन कट झालेलाच नसतो. खिशातून हेल्पलाइनवाल्या मुलीचा आवाज येतो, एकदम मराठीत: “अय्या! सर, तुम्ही आपल्याकडचे? मग आधी नाही का सांगायचं!” आणि अर्ध्या मिनिटात कार्ड बंद. दहा मिनिटं सभ्यतेनं जे झालं नाही ते एका शब्दानं झालं, कारण तो शब्द ऐकून तिला घर आठवलं. हा विनोद. पण आमच्या हॉलमध्ये कुणी काही ऐकलंच नव्हतं. ट्रक मागे आला आणि एक मुलगी विनाकारण मराठी बोलायला लागली, एवढंच लोकांना कळलं. टाळ्या पडल्या, आमच्याकडे टाळ्या पडतातच.

बाहेर सामोशांच्या रांगेत मात्र चर्चा रंगली होती.

“तीन पीं होत्या. म्हणजे तीन शब्द.”

“पहिला आईवरून असणार.”

“आणि दुसरा बहिणीवरून.”

“मग तिसरा?” एका बाईंनी विचारलं. यावर रांग गंभीरपणे विचार करू लागली. कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी शेजाऱ्याच्या कानात तिसरा सुचवला, तेव्हा शेजाऱ्याच्या हातातली चटणी सांडली. ज्या माणसांनी आयुष्यात उघड शिवी दिली नसेल ती माझ्या रिकाम्या जागा आपापल्या जिल्ह्याच्या ऐपतीप्रमाणे भरत होती.

चाचांच्या गावची माणसं एका बाजूला उभी होती. फोन उंच धरणाऱ्यानं तो आता खाली घेतला होता. “चाचीनं कट केला,” तो म्हणाला. चाचा हसले आणि उगाच कोटाची बाही झटकू लागले. तिच्यावर काहीही नव्हतं.

गाडीत मुलगी मागे बसली. पट्टा लावला. मग ती म्हणाली, “नाइन्टीन टेक्स, बाबा. चाचा माझ्यासमोर तो शब्द बोलायलाच तयार नव्हते. म्हणे, लेकीसमोर कसा बोलू? म्हणून मी कॅमेरा त्यांच्या पाठीमागे ठेवला आणि स्वतः बाहेर जाऊन उभी राहिले. तेव्हा कुठे ते बोलले.”

“सेक्रेटरींचा फोन आला होता गं. पण माझा हेतू—”

“आय गेव्ह यू अ पेन ड्राइव्ह. फक्त पोचवायचा होता.”

मी बायकोकडे बघितलं. ती समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, “पंख्याचं मला माहीत आहे. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून. हिला शाळेत जायला लागल्यापासून.”

त्या आठवड्यात मी मुलीची तीनदा माफी मागितली. पहिल्यांदा ‘पण हॉल शाळेचा होता’ म्हणालो. दुसऱ्यांदा ‘पण कायदा’ म्हणालो. तिसऱ्यांदा माझे वडील शाळामास्तर होते इथपासून सुरुवात केली. दर वेळी ती “ओके” म्हणाली. इथली मुलं रागावली की इंग्रजी बोलतात, आणि फार रागावली की त्यातलाही एकच शब्द. बायको म्हणाली, “अहो, ही माफी आहे की मिनिट्स ऑफ मीटिंग?”

सोमवारी सेक्रेटरींचा फोन. “अहो, लोक म्हणतायत तीन शिव्या होत्या! मी तर एकच ऐकली होती. तुम्ही वाढवल्यात की काय?”

बुधवारी शर्ट आणायला लाँड्रीत गेलो. चाचा इस्त्री करत होते. मला बघून त्यांनी इस्त्री उभी केली.

“काय वो भाऊ, येक विचारू? तुमच्या मशीननं तीन डाव पीं पीं का केला? मी तर येकच बोललो.”

मी शर्टांचे पैसे मोजायला लागलो.

“घरवाली चार दिस फोन उचलत नाय. सून सांगते, अम्मी बोलतात, लेकीसारख्या पोरीसमोर त्यांनी असा काय तोंड सोडला, की मशीन वाजवायला लागली? गावात पन सगल्यांनी बघितला. आता मशिदीतून येताना लोक माझ्या पोराला विचारतात.” ते पुन्हा इस्त्रीकडे वळले. “चालीस वर्सं झाली लग्नाला. तिनं माझ्या तोंडून कदी वाईट ऐकला नाय.”

त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बाजू तरी मांडता आली असती.

पुढच्या शनिवारी सकाळी मी मुलीला म्हणालो, “चाचांकडे चल माझ्याबरोबर. लॅपटॉप घे.” ती आली. “ओके” एवढंच म्हणाली, पण आली. दुकानात आम्ही तिघंच. चहूकडे लोकांचे शर्ट टांगलेले. मी माझ्या फोनवरून सुनेला व्हिडिओ कॉल लावला आणि चाचीला द्यायला सांगितलं. डोक्यावर ओढणी घेतलेला एक करारी चेहरा पडद्यावर आला.

“चाची, मी त्या मुलीचा बाप. सिनेमात ते जे पीं पीं होतं, ते मी घातलं. चाचा एकच शब्द बोलले होते.”

“कंचा?”

“म्हणजे… तसा फार…”

“कंचा ता सांगा की. येक शब्द, तर मग सांगायला काय झाला?”

मी इकडे तिकडे बघितलं. दुकानात एक्झॉस्ट फॅन नव्हता. चाचांना माझी अडचण कळली असावी. त्यांनी हळूच वाफेचं बटण दाबलं. फुस्स. तेवढ्या आवाजाच्या आडोशानं बोलता आलं असतं. पण मुलगी माझ्याकडे बघत होती. मी हात करून वाफ थांबवायला लावली.

आता ‘तो शब्द’ असं लिहिलं तर पुन्हा ट्रकच मागे घेतल्यासारखं होईल. मी चाचीच्या डोळ्यांकडे बघून म्हणालो, “भडव्या.”

चाची वाट बघत राहिली. “हां. आनी?”

“आणि काही नाही. एवढंच.”

“येवडाच?”

“एवढाच.”

“या अल्ला! अवो, हा तर मी कोंबड्याला सकालपासून चार डाव बोलते! याला कोन मशीन वाजवतो?” मागे सून खो-खो हसत होती. “द्या, त्यांना द्या फोन. आठ दिस माझा जीव टांगून ठेवला.”

चाचांनी फोन घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. या वेळी लाजून.

आजही ज्या सिनेमात माणसं श्वास घ्यावा तशा शिव्या देतात, तो मी अर्ध्यात बंद करतो. सातव्या शिवीनंतर मला ऐकूच येत नाही. शिवीला सिनेमात जागा आहे का, याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर माझ्याकडे नाही. पण माझ्या मुलीनं एका शिवीसाठी दहा मिनिटं चाळीस सेकंद वाट बघायला लावली होती. चाचांनी त्यासाठी एकोणीस वेळा घसा खाकरला होता. तो मूळ सिनेमा मी त्या दिवशी दुकानातच, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, पहिल्या मिनिटापासून बघितला. त्या जागी आलो तेव्हा इतका हसलो की चाचांना पाणी आणावं लागलं.

मग तिथेच बसून मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, की शब्द एकच होता, चाचांची आणि माझ्या मुलीची काही चूक नाही, आवाज मी घातला. शब्द लिहिला नाही, कायदा आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी समक्ष विचारावा असं लिहिलं. आजवर अकरा जणांनी विचारलाय, त्यातले नऊ निराश झाले.

त्या दिवशी, ग्रुपवर लिहून झालं तेव्हा, मुलगी दुकानाच्या दारात लॅपटॉपची पिशवी लावत उभी होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तीनदा चुकल्यामुळे भीती वाटत होती.

“सिनेमा तुझा होता,” मी म्हणालो. “मी तो बघितलाही नाही आणि कापला. तुला विचारलं नाही, वर खोटं बोललो. माझ्यामुळे तुझा विनोद मेला आणि चाचांचं नाव खराब झालं. माझं चुकलं. मला माफ कर.”